डॅशबोर्डची बिनअक्षरी लिपी

‘मला गाडी चालवता येते’ असं आपण सहज बोलून जातो. पण कोणती गाडी, हे कुणी विचारत नाही. लायसन्सवर वाहनाचा वर्ग लिहिलेला असतो, मॉडेल नसतं. एका कारवर हात बसला की माणूस दुसऱ्या कुठल्याही कंपनीची कार चालवू शकतो, असं कायदाही गृहीत धरतो आणि आपणही. क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये, अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे. जणू गाडी जन्माला आली तीच अशी!

प्रत्यक्षात तसं नाही. ही मांडणी ठरायला कित्येक दशकं लागली आणि त्यासाठी अनेकांनी हातपाय मोडून घेतले, काहींनी जीव गमावला. त्यातून एक अशी लिपी तयार झाली, जी वाचायला शाळेत जावं लागत नव्हतं. आपल्याकडच्या लाखो ड्रायव्हर आणि मेकॅनिक लोकांची रोजीरोटी याच लिपीवर उभी राहिली. आज नवीन गाडी घेताना आपण सनरूफ आणि टचस्क्रीनची चौकशी करतो, तेव्हा हीच लिपी हळूहळू पुसली जात आहे. म्हणून तिचा इतिहास एकदा नीट पाहायला हवा.

स्टेअरिंग नसलेली गाडी

१८८६ साली कार्ल बेंझ यांनी जर्मनीत आपल्या तीन चाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. तिला गोल स्टेअरिंग नव्हतं. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा फिरवून ती वळवावी लागे. ही गाडी घेऊन लांबचा पहिला प्रवास केला तो कार्ल यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी. १८८८च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना सोबत घेऊन त्या मॅनहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी दमते हे लक्षात आल्यावर आणखी एका गिअरची गरज असल्याचं त्यांनी घरी सांगितलं. नवीन गाडी समजून घेणं म्हणजे काय, याचा हा पहिला धडा म्हणता येईल. कारखान्यात जे कळलं नव्हतं, ते रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या व्यक्तीला कळलं.

गोल स्टेअरिंग आलं ते १८९४मध्ये. पॅरिस ते रुआँ या स्पर्धेत वाशेराँ नावाच्या चालकाने आपल्या पानहार्ड गाडीला सुकाणूच्या दांड्याऐवजी चाक बसवलं होतं. वेग वाढला की दांड्याने गाडी सांभाळणं कठीण जातं, हे हळूहळू सर्वांना पटलं आणि पुढच्या काही वर्षांत चाक रुळलं.

पायांखालचा गोंधळ मात्र बरीच वर्षं टिकला. फोर्ड कंपनीची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक विकली गेली. सामान्य माणसाच्या दारात मोटार आणणारी गाडी ती हीच. तिलाही तीन पेडल होते, पण आजचा निष्णात ड्रायव्हर तिच्यात बसला तर पहिल्याच मिनिटाला गडबडेल. डावं पेडल पूर्ण दाबलं की गाडी हळू गिअरमध्ये पुढे जाई, सोडलं की वेगाच्या गिअरमध्ये, अर्धवट ठेवलं की न्यूट्रल. मधलं पेडल रिव्हर्सचं. उजवं पेडल ब्रेकचं. मग अ‍ॅक्सिलरेटर कुठे? तो पायाशी नव्हताच. स्टेअरिंगखाली उजव्या हाताशी एक छोटी दांडी होती, तिने वेग कमी-जास्त करायचा. डाव्या हाताशी तशीच दुसरी दांडी, ठिणगी लवकर पडावी की उशिरा हे ठरवणारी. घाबरून मधल्या पेडलवर पाय मारला, तर गाडी थांबण्याऐवजी मागे जायला बघणार!

काही गाड्यांत तर अ‍ॅक्सिलरेटर मध्ये आणि ब्रेक उजवीकडे असे. १९२०च्या दशकातल्या बेंटली गाड्या तशाच होत्या. गाडी बदलली की पायांना नव्याने सगळं शिकवावं लागे.

आज आपण ज्याला ‘साधी’ मांडणी म्हणतो, ती १९१६च्या कॅडिलॅक टाइप ५३मध्ये दिसते. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर याच क्रमाने, गिअरचा दांडा आणि हँडब्रेक दोन सीटांच्या मध्ये. पण ती महागडी गाडी होती. १९२२मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या, स्वस्त ब्रिटिश गाडीने ही मांडणी सामान्य लोकांपर्यंत नेली. फोर्डनेही मॉडेल टी बंद करून मॉडेल ए आणली, तेव्हा हीच पद्धत स्वीकारली.

गाडी सुरू करणंही सोपं नव्हतं. समोर उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट किंवा हात मोडायचा. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये बसवला गेला आणि हा धोका कमी होत गेला. आपल्याकडे मात्र हँडल मारणं पुढेही बरीच वर्षं चालू राहिलं. जुन्या जीप आणि ट्रक हँडलने सुरू करणारी माणसं आजही गावोगाव भेटतील. आज बोटाने बटण दाबून आपण इंजिन चालू करतो, त्यामागे असे कितीतरी मोडलेले हात आहेत.

एका अक्षराची जागा

ऑटोमॅटिक गाड्या आल्या, तेव्हा प्रश्न नव्याने उभा राहिला. गिअरचा क्रम कोणता असावा? अमेरिकेत प्रत्येक कंपनीने आपापला क्रम ठरवला. काही गाड्यांत रिव्हर्सची जागा अगदी शेवटी, पुढे जाण्याच्या हळू गिअरला चिकटून होती. दांडा एक घर जास्त सरकला की पुढे जायच्या ऐवजी गाडी मागे. राल्फ नेडर यांच्या १९६५च्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाने अमेरिकन मोटार उद्योगाला हादरा दिला, त्यात हा मुद्दाही होता. चूक ड्रायव्हरची आहे असं म्हणून कंपन्या हात झटकत होत्या. नेडर यांचं म्हणणं असं की, ज्या रचनेत चूक होणारच, ती रचनाच चुकीची आहे.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. १९६८पासून लागू झालेल्या मानकाने ठरवून दिलं की, पुढे जाण्याचा गिअर आणि रिव्हर्स यांच्यामध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे. आज आपल्या ऑटोमॅटिक गाडीत पी, आर, एन, डी अशी अक्षरं ओळीने दिसतात, त्यातलं ‘एन’ मध्ये आहे ते उगाच नाही. ती जागा भांडून मिळवलेली आहे.

सीटबेल्टचंही तसंच. व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९मध्ये खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला. कंपनीने हे पेटंट इतरांसाठी खुलं ठेवलं. एका हाताने, न बघता लावता येईल असा तो पट्टा होता. म्हणून तो टिकला.

चिरागसारखा दिवा

आता डॅशबोर्डकडे वळूया. गाडी एका देशात बनते आणि अनेक देशांत विकली जाते. प्रत्येक भाषेत ‘तेल कमी झालं’ असं लिहिणार कसं? म्हणून चित्रं ठरली. आयएसओ २५७५ हे त्यांचं आंतरराष्ट्रीय मानक. तेलाच्या बुधलीचं चित्र, बॅटरीचं चित्र, थर्मामीटर, पेट्रोल पंप. तेलाची ती बुधली तर थेट अलादीनच्या चिरागसारखी दिसते! रंगांचाही अर्थ ठरलेला आहे. लाल म्हणजे धोका, लगेच थांबा. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडलंय, दाखवून घ्या. हिरवा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे. निळा म्हणजे हेडलाइट अप्परवर आहे, समोरच्याचे डोळे दिपत आहेत.

पेट्रोलच्या काट्याशेजारी एक बारीक बाण असतो, तो कितीजणांनी पाहिलाय? टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे, हे तो सांगतो. फोर्डचे अभियंता जिम मॉयलन यांनी १९८६मध्ये ही कल्पना लेखी मांडली. कंपनीची गाडी घेऊन ते पंपावर गेले, झाकण दुसऱ्या बाजूला निघालं आणि पावसात भिजावं लागलं. त्यातून हा बाण आला. आज तो जगभरातल्या गाड्यांत आहे आणि त्यावर एकही अक्षर नाही.

या बिनअक्षरी लिपीचं मोल आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. ड्रायव्हिंग, गॅरेज, पंक्चर, डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग या धंद्यांत मुसलमान पिढ्यान् पिढ्या आहेत. शाळा सुटलेला पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना उस्तादच्या हाताखाली जातो, पाना देणं शिकतो, मग इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखायला लागतो. हे बालमजुरीचं वास्तव आहे, त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण या माणसांनी मिळवलेलं ज्ञान खोटं नव्हतं, हेही तितकंच खरं.

माझे एक मामू मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. आधी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर होता. पुढची सीट सलग, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघं सहज बसत. थंड इंजिन चालू करताना चोकचा खटका ओढावा लागे. पुढे पद्मिनी गेली आणि त्यांच्या हाती नवी टॅक्सी आली. मामू चौथीच्या पुढे शिकले नव्हते, पण नवा डॅशबोर्ड त्यांना चार दिवसांत पाठ झाला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “बेटा, लाल आया तो रुकने का, पीला आया तो उस्ताद के पास जाने का. बाकी सब अपना ही है.” आयएसओच्या मानकाचं इतकं नेमकं भाषांतर मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

अ‍ॅम्बॅसेडरसारख्या जुन्या गाड्यांत डिपरचं बटण डाव्या पायाखाली असायचं. आपल्या ट्रकच्या मागे रंगवलेलं ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ हे वाक्य म्हणजे तरी काय? हेडलाइट कसा वापरावा, याची ती चालतीफिरती पुस्तिकाच होती. वाचता न येणाऱ्यालाही मागून डिपर मारणाऱ्या गाडीचा अर्थ कळत होता.

आता एक सरकारी गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवण्यासाठी आठवी पास असणं सक्तीचं होतं. २०१९च्या जूनमध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही अट काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्यामागे हरियाणा सरकारची एक विनंती होती आणि ती होती मेवातसाठी. मेवात म्हणजे मेव मुसलमानांचा इलाका. तिथली असंख्य कुटुंबं ट्रक चालवून पोट भरतात. तिथल्या तरुणांकडे कौशल्य होतं, दाखला नव्हता. अट काढताना मंत्रालयाने प्रशिक्षणावर भर दिला, तोही योग्यच. पण या निर्णयाचा खरा अर्थ असा की, गाडी चालवण्याचं ज्ञान शाळेच्या दाखल्यावर अवलंबून नाही, हे सरकारने मान्य केलं.

अक्षरं परत आली

दुर्दैव असं की, सरकारने अक्षरांची अट काढली त्याच काळात गाडीने ती परत आणायला सुरुवात केली. एसीची कळ गेली, तिच्या जागी स्क्रीनवरचा मेनू आला. दिव्याच्या जागी वाक्य आलं, तेही इंग्रजीत. ‘अमुक सिस्टिम तात्पुरती उपलब्ध नाही, मॅन्युअल पाहा’ अशी सूचना येते. मॅन्युअल बहुधा इंग्रजीत, आणि आता तर पुष्कळदा छापील जाडजूड पुस्तकाऐवजी मोबाइलवर. महाराष्ट्रात लर्निंग लायसन्सची परीक्षा मराठीत देता येते. ज्या गाडीसाठी ती परीक्षा दिली, तिची पुस्तिका मात्र मराठीत हाती पडत नाही. यातली विसंगती कुणाला खटकत कशी नाही?

हा केवळ भाषेच्या अस्मितेचा मुद्दा नाही. अनोळखी गाडी जीव घेते. २००९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचा एक अधिकारी कुटुंबासह जात होता. लेक्सस गाडी त्याची स्वतःची नव्हती, सर्व्हिसिंगच्या बदल्यात डीलरने तात्पुरती दिलेली होती. पायाखालची चुकीची मॅट अ‍ॅक्सिलरेटरमध्ये अडकली आणि गाडी आवरेना. चौघांचा मृत्यू झाला. त्या गाडीत चावी फिरवून इंजिन बंद करण्याची सोय नव्हती, बटण होतं. आणि चालत्या गाडीत ते बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं. रस्त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याच्या गाडीतही हे घडलं!

२०१६च्या जूनमध्ये अँटन येलचिन हा २७ वर्षांचा अभिनेता लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या उतारावर स्वतःच्याच जीप गाडीने चिरडला जाऊन गेला. त्या मॉडेलचा गिअरचा दांडा ढकलला की पुन्हा मध्ये येऊन थांबायचा. गाडी ‘पार्क’मध्ये गेली की नाही, हे हाताला कळत नव्हतं, फक्त दिवा पाहून समजायचं. याच दांड्यामुळे कंपनीने त्याआधी दोन महिने जगभरातून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी एका अक्षराच्या जागेसाठी झालेलं भांडण जणू पुन्हा करावं लागलं.

युरोपात आता पावलं उलटी पडू लागली आहेत. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२४मध्ये जाहीर केलं की, २०२६पासून पूर्ण पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हझार्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांच्यासाठी हाताला लागणारी खरी कळ हवी. स्क्रीनमध्ये दडवलेली चालणार नाही. मामूंच्या पिढीला जे अनुभवातून ठाऊक होतं, ते आता तज्ज्ञ सांगत आहेत. रस्त्यावरून नजर न काढता जी सापडते, तीच कळ खरी.

चावी हाती आल्यावर

आपल्याकडे चित्र कसं असतं? शोरूममध्ये गाडीला हार घातला जातो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. सेल्समन पाच मिनिटांत ब्लूटूथ जोडून देतो आणि आपण बिस्मिल्लाह म्हणून गाडी बाहेर काढतो. गाणी कशी लावायची हे कळलेलं असतं, गाडी बंद कशी पाडायची हे कळलेलं नसतं.

१ जुलै २०१९पासून भारतात विकल्या जाणाऱ्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचा सेन्सर सक्तीचा झाला. ८०च्या वर गाडी गेली की टुंग टुंग आवाज येतो, १२०च्या वर तो थांबतच नाही. हा बिघाड नव्हे, कायदा आहे. तरीही सीटबेल्टचा आवाज बंद करण्यासाठी लोक बाजारातून खोटी क्लिप आणून अडकवू लागले. शेवटी २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ई-कॉमर्स कंपन्यांना ही विक्री थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. गाडी आपल्याशी बोलते आणि आपण तिचं तोंड बांधतो!

माझं म्हणणं इतकंच आहे की, नवीन गाडी घराबाहेर पडण्याआधी तासभर ती उभीच ठेवून वाचावी. इंडिकेटर कोणत्या हाताला आहे ते पाहावं. जपानी, कोरियन गाड्यांत तो आपल्याकडे उजवीकडे असतो, फोक्सवॅगन आणि स्कोडात डावीकडे. गाडी बदलल्यावर वळताना वायपर फिरू लागतो तो म्हणूनच. हझार्डचं बटण डोळे मिटून सापडलं पाहिजे. पावसाळ्यात आतून काच धुरकट झाली तर बाहेरची हवा आत घेऊन एसी कसा लावायचा, मागच्या काचेची जाळी कशी तापवायची, हे आधी करून पाहावं. बटणाची गाडी असेल तर धावत्या गाडीचं इंजिन कसं बंद होतं, आणि चावीची बॅटरी संपली तर ती कशी सुरू होते, हे डीलरकडून लेखी घ्यावं. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवली तर पाय काढू नये. ते एबीएस आहे, ते आपलं काम करत असतं. ऑटोमॅटिक गाडी घेऊन कसारा किंवा खंबाटकीचा घाट उतरायचा असेल, तर खालचा गिअर धरून ठेवायची सोय कुठे आहे हे घरीच शोधावं. घाटात शोधायला वेळ नसतो.

आणि हे सगळं एकट्याने वाचू नये. घरात गाडी चालवणारी बहीण, बायको, मुलगी असेल तर तिला शेजारच्या नव्हे, ड्रायव्हरच्या सीटवर बसवून वाचावं. गाडीला पगारी ड्रायव्हर असेल तर आधी त्याला बसवावं. बहुतेक घरांत गाडीची माहिती मालकाला दिली जाते आणि गाडी चालवतो दुसराच.

दुसरी गोष्ट मागण्याची आहे. मराठीत पुस्तिका मागितली पाहिजे, शोरूममध्ये आणि कंपनीकडेही, पुन्हा पुन्हा. गॅरेजमधल्या आपल्या मुलांना नव्या गाड्यांचं स्क्रीन आणि स्कॅनर वाचायला शिकवणारे वर्ग मोहल्ल्यात, तालुक्यात निघाले पाहिजेत. जमातीच्या शिष्यवृत्त्या डॉक्टर-इंजिनिअरसाठी असतात, असाव्यातही. पण पाना हातात घेतलेला पोरगा उद्या स्कॅनरवरचं वाक्य वाचता न आल्यामुळे धंद्यातून बाहेर फेकला जाणार असेल, तर तोही शिक्षणाचाच प्रश्न आहे.

शंभर वर्षांत जगाने मिळून अशी एक भाषा घडवली होती, जी मॅनहाइमची बर्था, लंडनचा शोफर, मेवातचा ट्रकवाला आणि मुंबईचा टॅक्सीवाला सारख्याच हक्काने वापरू शकत होते. ती जपायची की थोड्या शिकलेल्यांच्या हाती सोपवायची, हे फक्त कंपन्यांनी ठरवू नये. गाडी विकत घेणाऱ्याने, चालवणाऱ्याने आणि दुरुस्त करणाऱ्यानेही त्यात आपलं म्हणणं मांडलं पाहिजे.